गाळलेला डॉक्टर

आखजीच्या आधीचं अकोल्याचं ऊन ज्यानं अंगावर घेतलं नाही, त्याला मी काय सांगावं? आमच्या अमरावतीचं ऊन त्याच्यापुढे बालवाडीतलं पोरगं. एकदा मी भर दुपारी अकोल्याच्या बसस्टँडवर उतरलो, थोडा चाललो आणि मागं वळून पाहिलं, तर माझी सावली सोबत नव्हती. ती केव्हाच रसवंतीत जाऊन बसली होती. मी पोचलो तेव्हा तिचा दुसरा ग्लास सुरू होता. ही गोष्ट मी आमच्या वलगावच्या पारावर पाचपन्नास वेळा सांगितली आहे. कोणी खोटं पाडलं नाही. खोटं पाडायचं तर अकोल्याला जावं लागतं, आणि वैशाखात तिकडे जायची कोणाची छाती आहे?

यंदाही आखजी आली तशी मी कुंभाराकडून नवी घागर आणली. पाण्यानं ओली केली, आणि भाजलेली माती पहिल्यांदा पाणी पिताना जो वास सोडते तो घरभर झाला. ओट्यावर बसलेल्या मायनं तो ओढून घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "शोभा, पानी दे वं."

शोभा म्हणजे माझी बायको. तिनं घड्याळाकडे पाहिलं, फळीवरच्या फुलपात्राकडे पाहिलं. "थोड्या वेळानं देते, आई."

मायची किडनी थकली आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय, तेही या उन्हाळ्यात. माय रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगते, "पाहा बाप्पा, सून पानी देऊन नाई राहिली!" जाणारा थांबतो आणि शोभाकडे एका विशिष्ट नजरेनं पाहतो. ती नजर मी ओळखतो. अकोल्यात एका बाईवर ती जन्मभर रोखलेली होती.

पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. तिकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखजीला, सोनं घेतात म्हणे. आमच्या वऱ्हाडात त्या दिवशी मेलेल्यांना पाणी पाजतात. घागर भरून ठेवायची, तिच्या तोंडावर आंबा ठेवायचा, आणि घरातून गेलेल्या माणसाच्या नावानं एका जिवंत माणसाला जेवायला बसवायचं. त्याला म्हणायचं पितर. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी, आंबटगोड चिंचवणी वाढायची. पानावर बसला की तो तो नसतोच, ज्याच्या नावानं बसवला तोच असतो. वाढलेलं त्यानं नाकारायचं नाही. शेवटी घरच्या बाईनं विचारायचं, "धाले का?" त्यानं म्हणायचं, "धालो." पोट भरलं, तृप्त झालो. तोवर पानावरून उठायचं नाही. ‘धालो’ म्हटलं की मेलेला वर्षभर निवांत, आणि जिवंतही.

माझा देह पाहता या कामासाठी मला मोठी मागणी. मी निम्म्या वलगावचा बाप म्हणून जेवलो आहे. एका आखजीला तर इतक्या घरी धालो, की मला घरी न्यायला बैलगाडी आणावी लागली, आणि बैलांनी माझ्याकडे एकदा पाहून जू खांद्यावर घ्यायला नकार दिला. एका घरच्या म्हातारीनं वाढता वाढता नवऱ्याशी जुनं भांडण उकरून काढलं, तर मी त्याच्या वतीनं माफीसुद्धा मागून टाकली. कशाबद्दल, ते मला आजही माहीत नाही. म्हणजे पितर होणं माझ्या हातचा मळ. पण ज्या वर्षी मी बापूमामा म्हणून जेवलो, तो उन्हाळा अजून माझ्या पोटात आहे. जिरत नाही.

बापूमामा मायचा धाकटा भाऊ. अकोल्याचा कादंबरीकार. तो कसा होता हे सांगताना मला वाढवून सांगायची गरज पडत नाही, एवढंच दुःख आहे. बुटका, गोरा, मानेवर बारमाही घामोळं, बोलणं साखरेचं. त्याच्या प्रत्येक कादंबरीतला नायक मात्र उंच, सावळा आणि अबोल. मामाला सायकल येत नव्हती, नायक पुरात उडी घ्यायचा. पाल दिसली की मामा खाटेवर चढायचा, नायक शेताच्या धुऱ्यावर बसून नागाशी नजर भिडवायचा. इथवर माझी तक्रार नाही. देवानं दिलं नाही ते माणूस कागदावर घेणारच. मीही पारावर दुसरं काय करतो?

पण सगळे गुण नायकाला दिल्यावर मामाजवळचे अवगुण कुठं टाकायचे? घरातला केर काढला की तो कोणाच्या तरी दारात जातोच. मामाचा केर निर्मलामामीच्या दारात जायचा. तो भित्रा, तर पुस्तकातली बायको भित्री. तो उन्हं वर येईपर्यंत लोळणारा, तर ती झोपाळू. त्याला उठता बसता चहा लागायचा, तर पुस्तकातल्या बाईचा जीव कपबशीत अडकलेला. लोकांना वाटतं, कादंबरीकार माणसं निर्माण करतो. अरे, कुठली निर्माण करतो! घरातलीच उचलतो, त्यांना आपले जुने कपडे घालतो आणि चारचौघांत म्हणतो, पाहा ही किती मळकी आहेत. मलाही त्यानं सोडलं नाही. एका कादंबरीत पुरणपोळ्यांचा डोंगर फस्त करणारा लठ्ठ भाचा आहे, तो मी. पोळ्या त्यानं निम्म्याच लिहिल्या. हा माझ्यावर उघड अन्याय आहे, पण मी कोर्टात गेलो नाही.

मी हसून सोडलं, कारण माझं फक्त पोट पुस्तकात गेलं होतं. मामी अख्खी गेली.

मामाची गाजलेली कादंबरी दुर्पतेची. दुर्पता नायकाची बायको. तिची सासू भर उन्हाळ्यात खाटेला खिळते. "पाणी दे," म्हणते. दुर्पता म्हणते, "नाही." पुन्हा मागते, पुन्हा "नाही." मग दुर्पता न्हाणीत जाते, दार लावते आणि स्वतः घटाघटा पाणी पिते. नायक आईचे पाय चेपत बसतो, आसवं गाळतो. सासू तहानलेलीच मरते. म्हणतात की ते प्रकरण वाचून लोक ढसाढसा रडले. अकोल्यात त्या वर्षी नळ कोरडे होते, तेव्हा बायांनी वाचणाऱ्यांखाली हंडे लावून ठेवले होते, असं मी सांगत असतो.

आता घरात घडलेलं ऐका. माझी आजी, म्हणजे माय आणि मामा यांची माय, शेवटच्या उन्हाळ्यात मामाकडे अकोल्यालाच होती. ती पाणी मागायची. मामी "नाही" म्हणायची. आणि मामी न्हाणीत जाऊन, दार लावून पाणी प्यायची. ज्यांनी ज्यांनी हे पाहिलं होतं त्यांना पुस्तक हातात पडल्यावर दुसरा पुरावा कशाला हवा होता? मामा भाषणात सांगायचा, "मी कल्पनेतलं लिहीत नाही. जे घरात भोगलं, तेच कागदावर उतरलं." टाळ्या पडायच्या. मामी पहिल्या रांगेत, शेवाळी रंगाच्या साडीत, मांडीवर पर्स धरून. टाळ्या वाजवता वाजवता माणसं माना लांब करून तिच्याकडे पाहायची. पुढे पुढे लग्नकार्यात तिनं पाण्याचा जग उचलला की बाया एकमेकींना कोपरं मारायच्या.

आजी आजारी होती तेव्हा माय वलगावला अडकलेली. आमची शेती झेंडू आणि गुलाबाची, लग्नसराईत फुलांच्या तोडणीतून कोणाला मान वर करायला मिळत नाही. ती अकोल्याला पोचली ती आजीच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायलाच. ते तिच्या काळजात रुतून बसलेलं. कादंबरी आली तेव्हा तिनं मला ती वाचून दाखवायला लावली. पाण्याचं प्रकरण संपलं आणि माय उठली, चपला घातल्या, मला म्हणाली, "चाल."

अकोल्याच्या घरात शिरून तिनं भिंतीवरचा आजीचा फोटो काढला, टॉवेलात गुंडाळला. मामा घरी नव्हता. मामी दारात उभी होती, हातात तांब्या.

"बाई, उन्हाच्या आल्या, आधी पानी तं घ्या."

"तुह्या हातचं?" माय म्हणाली. "पान्यावाचून मारलं तू माह्या मायले. तिचा फोटो या घरात नाई राहत आता."

मामी तांब्या तसाच धरून बाजूला झाली. तो फोटो तेव्हापासून आमच्या मधल्या खोलीत आहे, जेवायच्या जागेच्या अगदी समोर. माय पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. भावाच्या मयतीला गेली तीसुद्धा अंगणातून परतली.

मामा थंडीत गेला. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. "कादंबऱ्या हीच माझी लेकरं," असं तो म्हणायचा आणि लोकांना ते फार आवडायचं. पण आखजीला घागर भरायला कादंबरी येत नाही, भाचा यावा लागतो. म्हणून आखजीच्या थोडं आधी मी अकोल्याला गेलो, तर तिथे अमरावतीचे एक प्राध्यापक येऊन बसलेले. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी. ते मामाच्या पात्रांवर संशोधन करत होते.

मामीनं रिवाजाप्रमाणे आधी पाणी आणलं. प्राध्यापकांनी ग्लासाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर गुप्तधन सापडल्यासारखा उजेड पडला.

"वहिनी, असाच ग्लास धरून जरा उभ्या राहता? एक फोटो घेतो."

मामी उभी राहिली. फोटो झाला.

"आता एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही पाणी नाकारलंत, त्या क्षणी तुमच्या मनात नेमकं काय होतं?"

मामीनं शांतपणे विचारलं, "सर, हे पानी पेता का फक्त फोटोच काढाचा होता?"

प्राध्यापक हसले. त्यांनी पाणी घेतलं नाही. "नको, नको, माझी बाटली आहे," म्हणाले आणि झोळीतून काढून दाखवलीही. ते गेल्यावर मी म्हटलं, "मामी, याच्या डोक्यावर ओतायचा होता ग्लास." ती म्हणाली, "अन् मंग? पुढच्या पुस्तकात थेही येईन."

आखजीच्या दिवशी मी मामा म्हणून पाटावर बसलो. घरात आम्ही दोघंच. खिडकीला बाहेरून लावलेला मामाचा कूलर बंद होता. मामीनं डोक्यावरून पदर घेतला. एरवी ती मला ‘अबे लठ्ठ्या’ म्हणायची. त्या दिवशी माझे पाय धुतले, गंध लावलं आणि खाली पाहत म्हणाली, "बसा जी, नीट बसा. जेवा."

मी जेवलो. मामाला आवडायचं ते सगळं होतं, कढीसुद्धा तो प्यायचा तशी गोडसर. पुरणपोळीवर तुपाची धार धरली तर ती मागं घ्यायलाच तयार नाही. मग तिनं ग्लास भरला.

"प्या."

प्यालो. पुन्हा भरला. प्यालो. पुन्हा भरला.

"अजून प्या. तुमाले कोनं मना केलं?"

"मामी, बस ना आता, पोटात जागा..."

"मामी कोन? पानावर बसले तुमी. पानावर नाई म्हनाचं नाई." आणि पुन्हा ग्लास. काटेपूर्णा धरणात त्या वर्षी पाणी कमी पडलं होतं ना, ते सगळं माझ्या पोटात होतं. मी हललो की लाटा येत होत्या. आणि मामी ओतत होती आणि बोलत होती. आवाज चढवून नव्हे. भाजी निवडताना बायका बोलतात तशी.

"तुमाले डॉक्टरनं मना नाई केलं. मायले केलं होतं. आठोते का? तुमीच तं मायले घेऊन गेलते. पानी जास्त झालं तं छातीत भरन अन् बुढी जाईन, असं डॉक्टरनं तुमच्या तोंडावर सांगतलं. तुमी घरी येऊन काय म्हनले? निर्मला, तूच पाहा आता, माह्याच्यानं मायले नाई म्हनवत नाई. अन् खोलीत जाऊन कूलर लावला."

ग्लास.

"तुमच्या वाटनीचं ‘नाई’ मी म्हनलं. रोज म्हनलं. माय पानी मांगे, अन् मी तिच्या खाटेपासून बादली घेऊन जाओ, तुमच्या कूलरात ओताले. तुमी आत बसून लिवून राहिले होते ना, तहानेवर. माय बादलीकडे पाहे, बापा. माह्याकडे नाई, बादलीकडे."

ग्लास.

"तिच्यासमोर माह्या घशाखाली घोट जाईना. म्हून न्हानीत जाओ, कडी लावो. थे तुमी पायलं. पायलं तं पायलं, अन् तेवढंच लिवलं! पुस्तक वाचून मी तुमाले एकच गोष्ट इचारली होती. डॉक्टर कुठी गेला? तुमी म्हनले, डॉक्टर आनला का गोष्टीतली तहान संपते. अन् म्हनले, येडी हायेस का, थे तू थोडीच हायेस. मंग माईकवर काहून सांगत होते, घरातलंच हाये म्हून? सांगा ना. घरात थे मी नाई, अन् बायेर थे मीच. असं कसं जी?"

मी मामा म्हणून बसलो होतो, तेव्हा उत्तरही मामाचंच द्यायला हवं होतं. माफी मागायला मी उस्ताद, हे वर सांगितलंच आहे. पण या वेळी कशाबद्दल मागायची ते मला नीट कळलं होतं, आणि म्हणूनच तोंड उघडेना. दुसऱ्याच्या नावानं खोटी माफी मागता येते. खरी ज्याची त्यालाच मागावी लागते, आणि तो तर राख होऊन रामकुंडात गेलेला.

मामीनं तांब्या खाली ठेवला. रिवाजाप्रमाणे विचारलं, "धाले का?"

"धालो," मी म्हटलं.

तिनं डोक्यावरचा पदर काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाली, "लठ्ठ्या, जाता जाता आंबे घेऊन जाजो मायले. मी देल्ले म्हून नोको सांगू."

तेव्हापासून मी या गोष्टीवर विचार करतो. थापाड्या म्हणून माझी ख्याती तिवस्यापर्यंत पोचली आहे. मी खोटं बोलतो ते वाढवून. माझ्या थापेला शिंगं असतात, ती लांबूनच दिसते, लहान पोरगंही बाजूला सरकतं. मामानं एक शब्द वाढवला नाही. त्यानं फक्त एक माणूस गाळला. जिनिंगमध्ये कापूस टाकला की रुई इकडे येते आणि सरकी तिकडे पडते. रुई कशी पांढरीशुभ्र, हलकी, हात लावावासा वाटेल अशी. मामाची कादंबरी तशी होती. पण पुन्हा झाड उगवायचं असेल तर रुई पेरून भागत नाही. लागते ती सरकीच, आणि ती त्यानं फेकून दिलेली. कादंबरीकाराच्या घरात काय काय घडलं ते त्याच्या पात्रांत शोधत बसणाऱ्या प्राध्यापकांना माझं एवढंच सांगणं आहे, की बाबांनो, पात्रांत काय आलं ते काय पाहता? काय आलं नाही, ते त्याच्या बायकोला विचारा. आणि विचाराल तेव्हा तिनं दिलेलं पाणी आधी प्या.

घरी आलो तसा मी मायजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, कूलर, बादली, न्हाणी. एक अक्षर वाढवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट होती तेवढीच सांगितली, आणि सांगताना जाणवलं की वाढवल्याशिवाय सांगितलेली गोष्ट माझ्या तोंडी किती उघडीनागडी वाटते.

माय ऐकत राहिली. मग म्हणाली, "असं असतं तं बापूनं पुस्तकात नसतं लिवलं का?"

"अव माय, त्यानं गाळलं ना!"

"शिकला-सवरला मानूस काहून गाळन? छापून आलेलं हाये थे." आणि मग, फुलांच्या माळा ओवता ओवता, मान वर न करता, "तुह्यं काय बाप्पा! तू तं तुही सावली रसवंतीत नेऊन बसवतं."

जन्मभर मी लोकांना हसवायला खोटं बोललो, तर माझं खरं कोणी घेईना. मामा जन्मभर गंभीर चेहऱ्यानं बोलला, तर त्याचं अर्धवट लोकांनी देव्हाऱ्यात ठेवलं. आंबे मात्र मायनं खाल्ले. कोणी दिले ते मी सांगितलं नाही.

मामी या थंडीत गेली. एकटीच, झोपेत. मी अकोल्याला पोचलो तेव्हा तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, ‘दुर्पता काळाच्या पडद्याआड’. खाली प्राध्यापकांनी काढलेला तो ग्लासवाला फोटो. तिचं खरं नाव शेवटच्या ओळीत होतं, तेही चुकलेलं. ‘विमल’ छापलं होतं. मी पेपरात फोन केला तर पलीकडचा म्हणाला, "काका, दुर्पता बरोबर छापलंय ना? मग झालं."

मग हा उन्हाळा आला, आणि मायची किडनी, आणि फुलपात्र, आणि ओट्यावरची ती हाकाटी. शोभाला मी मामीची गोष्ट सांगितली नव्हती. माझ्या गोष्टींवर तिचाही विश्वास नाही, संसार केलाय तिनं माझ्याबरोबर.

आखजीच्या आधीची एक दुपार. लू वाहत होती, झेंडूची रोपं मान टाकून पडलेली. माय ओट्यावरून उठून आत आली, भिंतीला हात लावत. त्याच वेळी न्हाणीची कडी निघाली आणि शोभा पदरानं तोंड पुसत बाहेर पडली. दोघी समोरासमोर.

"न्हानीत काय करून राहिली होती वं?"

"काई नाई, आई."

"पानी पेत होती ना?"

शोभा चोरी सापडल्यासारखी उभी. मग हळू म्हणाली, "तुमच्यासमोर कसं पेऊ, आई? तुमी ग्लासाकडे पाहता."

माय तिथेच खाली बसली. भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे पाहत राहिली. त्या दिवशी तिनं पाणी मागितलं नाही. दुसऱ्या दिवशीही ओट्यावरून हाक नाही. जाणारे येणारे विचारू लागले, म्हातारीची तब्येत बिघडली का?

आता प्रश्न होता मामीच्या नावानं बसवायचं कोणाला. नवऱ्याच्या मागं गेलेली बाई, तिच्यासाठी तशीच, नवरा गेलेली बाई हवी. मी गावात चार घरी विचारून आलो. "कोनासाठी? त्या पुस्तकातल्या दुर्पतेसाठी? नोको बाप्पा, तिच्या नावाचं आमच्या घशात अडकन." कोणी तयार होईना. मी घरी येऊन चरफडत होतो, तर माय म्हणाली, "मी बसतो."

आखजीला शोभानं पाट मांडला. माय पाटावर बसली. शोभानं तिचे पाय धुतले, सगळं वाढलं. माय हळूहळू जेवली, प्रत्येक पदार्थाला हात लावून, खाली मान घालून. समोर भिंतीवर आजी. जेवण झालं, आणि शोभा फुलपात्र हातात घेऊन घुटमळली. पितराला पाणी मोजून देत नाहीत. आणि मायला मोजल्याशिवाय देता येत नाही. ती माझ्याकडे पाहू लागली, मी तिच्याकडे.

"थे काय आनलं?" माय म्हणाली. "लोटा आन, भरून. मी आज निर्मला होय. निर्मलाले डॉक्टरनं मना नाई केलं. मायले केलं होतं."

आमच्या घरात इतक्या वर्षांत मायच्या तोंडून त्या डॉक्टरचं नाव निघालं ते तेव्हा.

शोभानं लोटा भरून आणला. मायनं तो घेतला, तोंडाजवळ नेला. समोर फोटोकडे नजर गेली. तिनं लोटा खाली केला.

"मायसमोर नोको," ती म्हणाली. "न्हानीत जातो."

ती उठली. एका हातानं भिंत धरत, दुसऱ्या हातात लोटा सांभाळत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. शोभा घाबरून दाराशी जाऊन उभी राहिली, जास्त पाणी पोटात गेलं तर म्हणून. मी तिच्या मागं. आम्ही दोघं कान देऊन होतो. आतून पाण्याचा आवाज येईना. नुसतं मायचं श्वास घेणं ऐकू येत होतं.

दार उघडलं तेव्हा लोटा नेला तसाच काठोकाठ होता. माय पुन्हा येऊन पाटावर बसली, नीट मांडी घालून. शोभाला काय करावं कळेना. मग ती रिवाजाप्रमाणे वाकली, पदर पुढे घेतला आणि विचारलं,

"धाल्या का, मामी?"

वलगावात आजवर एकाही पितरानं जे उत्तर दिलं नाही, ते मायनं दिलं.

"नाई."